मुलाचा खेळ बदलला, तर कुणाच्या लक्षात येईल?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात तान्हा पोळा भरतो. चाकांवर उभे केलेले लाकडी बैल, त्यांच्या पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. मुले दोरी धरून हे बैल दारोदार ओढत नेतात आणि मोठी माणसे त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. आदल्या दिवशी बापाने जे केले, तेच दुसऱ्या दिवशी मूल आपल्या मापाने करून पाहते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा पट्टाही याच मराठी संस्कृतीचा भाग. मात्र पांढुर्ण्यात नेमक्या त्याच दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आणखी एक गोष्ट घडते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा बांधला जातो, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरील माणसे एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. हीच गोटमार. शेकडो माणसे रक्तबंबाळ होतात, आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या चरणी वाहिला जातो. दोन्ही काठांवर पाहणाऱ्यांची दाटी असते आणि त्या दाटीत सर्व वयांची मुले असतात.

एकाच दिवशी एका हातात लाकडी बैलाची दोरी आणि डोळ्यांसमोर दगडांचा पाऊस, हे दृश्य केवळ पांढुर्ण्याचे. दोन्ही गोष्टी दुसऱ्या दिवशी मुलांच्या खेळात उतरतात, आणि यात विपरीत काही नाही. मूल जे पाहते ते खेळते. ते खेळते म्हणूनच ते पचवते. प्रश्न उभा राहतो तो मुलाने केवळ पाहिलेले नसते, तर त्याच्यावरच ओढवलेले असते तेव्हा. मारहाण, उपासमार, सततची हेटाळणी, लैंगिक अत्याचार हे भोगलेले मूल कसे खेळते? त्याच्या खेळातील बदल कुणाला दिसतो? आणि दिसला, तरी त्याचा अर्थ लावणारे कुणी जवळ असते का?

५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण झाला. पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीबहुल भाग त्यात आला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये, नवे अधिकारी, नवी कोनशिला. त्या जिल्ह्याच्या बांधणीत मुलांच्या संरक्षणाला कोणते स्थान मिळते, ही त्याच्या कारभाराची एक खरी कसोटी आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्यातील वाचकालाही हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. त्याची कारणे पुढे येतीलच.

निरोगी खेळ काय करतो?

भातुकलीत चूल पेटते, पण हात भाजत नाही. चोर-पोलिसांच्या खेळात चोराला पकडतात, पण डाव संपला की चोर आणि पोलीस एकाच पारावर बसून शेंगा खातात. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्या गाण्यांतही सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, रुसवे आहेत. परंतु म्हणणाऱ्या मुलीच्या अंगावर तो सासुरवास कोसळत नाही. ती त्याला ठेक्यात बांधते, हसते आणि खिरापत ओळखायला बसते. निरोगी खेळाचे मर्म येथे सापडते. दुःख, भय, राग ही सारी सामग्री खेळात येते. पण ती मुलाच्या ताब्यात असते. त्याला वाटले तर राक्षस मरतो, वाटले तर तो मित्र होतो, कंटाळा आला तर खेळ मोडतो.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ टिपला आहे. दोरा बांधलेले रीळ तो पलंगाआड फेकायचा आणि पुन्हा ओढून घ्यायचा. आई दृष्टीआड होते, हे त्याला रोखता येत नव्हते. पण रीळ दृष्टीआड करणे आणि परत आणणे त्याच्या हातात होते. जे आपल्यावर घडते, ते खेळात आपण घडवतो, या साध्या उलटापालटीत मुलाला धीर सापडतो. पुढे मेलनी क्लाइन, ॲना फ्रॉइड, मार्गारेट लोवेनफेल्ड आणि व्हर्जिनिया ॲक्सलिन या स्त्रियांनी मुलांवरील मानसोपचाराची जी वाट घडवली, तिचा पाया हाच होता. मोठ्या माणसाचे बोलणे जसे, तसा मुलाचा खेळ.

आनंद हरवलेला खेळ

अत्याचाराचा खेळावर काय परिणाम होतो, याचा सविस्तर अभ्यास अमेरिकेतील एका घटनेनंतर झाला. १५ जुलै १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील चौचिला या छोट्या गावात शाळेची बस तीन सशस्त्र तरुणांनी अडवली. २६ मुले आणि चालक यांना पळवून एका खाणीत जमिनीखाली पुरलेल्या वाहनाच्या खोक्यात कोंडण्यात आले. सुमारे सोळा तासांनी चालक आणि मोठ्या मुलांनी वाट काढली आणि सारे जिवंत बाहेर आले. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मुले सुखरूप आहेत, असे सर्वांना वाटले. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ स्त्रीने पुढील अनेक वर्षे या मुलांच्या भेटी घेतल्या. तिला जे आढळले, त्याने या विषयाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

ही मुले खेळत होती. पण त्यांचा खेळ वेगळा झाला होता. बसचा, पळवून नेण्याचा तोच तो खेळ पुन्हा पुन्हा, जवळजवळ जसा घडला तसाच. त्यात नवी कल्पना येत नव्हती, शेवट बदलत नव्हता. खेळून झाल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते, उलट ताण वाढलेला असे. आपला खेळ आणि आपल्यावर ओढवलेला प्रसंग यांचा संबंध बहुतेकदा मुलाला स्वतःलाच कळत नव्हता. आणखी एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे होते: असा खेळ इतर, ज्यांच्यावर काहीही ओढवलेले नव्हते अशा मुलांतही पसरत असे. टेर यांनी १९८१ मध्ये या साऱ्याची लक्षणे एकत्र मांडली. आज मानसिक आजारांच्या निदानासाठी अमेरिकेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या संहितेतही सहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी स्वतंत्र निकष आहेत. आघाताची आठवण मुलाच्या बोलण्यातून नव्हे, तर खेळातील पुनरावृत्तीतून प्रकट होऊ शकते, आणि त्या वेळी मूल वरकरणी व्याकूळ दिसेलच असे नाही, याची नोंद तेथे आहे.

ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा अधिक मूक असते: खेळ थांबतोच. मेंदूतील भावनांचा अभ्यास करणारे याक पँक्सेप यांनी उंदरांच्या पिलांवर केलेला एक प्रयोग येथे आठवतो. मस्ती करणाऱ्या पिलांच्या पिंजऱ्यात मांजराच्या केसांचा छोटासा पुंजका ठेवला, की खेळ तत्क्षणी बंद. पुंजका काढून घेतल्यावरही कित्येक दिवस त्या पिंजऱ्यात खेळ पूर्ववत होत नसे. त्या पिलांनी जन्मात मांजर पाहिलेले नव्हते. उंदीर आणि मनुष्य यांत अंतर आहे, हे मान्य करूनही मूळ मुद्दा पटतो. खेळण्यासाठी जीवाला निर्धास्तपणा लागतो. ज्या मुलाला घरातील पावलांचा आवाज ऐकून आज काय होणार हे ओळखावे लागते, त्याचे लक्ष बाहुलीकडे नसते, दाराकडे असते. असे मूल 'शहाणे', 'शांत', 'अजिबात त्रास न देणारे' म्हणून वाखाणले जाते. अंगणवाडीत कोपऱ्यात बसून राहणाऱ्या मुलाचे कौतुक होते, आणि त्याचे दुःख त्या कौतुकाखाली दडते.

तिसरी तऱ्हा सोबत्यांशी वागण्यातली. मेरी मेन आणि कॅरोल जॉर्ज यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात पाळणाघरातील एक ते तीन वर्षांच्या मुलांचे निरीक्षण होते. दुसरे मूल रडू लागले, की गरीब पण मार न खाल्लेल्या मुलांपैकी अनेकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसे, काही जवळ जाऊन थोपटत. मार खाल्लेल्या मुलांत अशी काळजी दिसली नाही. त्यांनी रडणाऱ्याला पाहून भीती दाखवली, राग दाखवला, काहींनी त्यालाच मारले. अभ्यासातील मुलांची संख्या थोडी होती. पण त्यातून दिसलेले चित्र अस्वस्थ करणारे आहे. ज्याच्या स्वतःच्या रडण्याला कुणी जवळ घेतले नाही, त्याला दुसऱ्याच्या रडण्याशी काय करायचे असते, हे ठाऊकच नसते. खेळात असे मूल 'मारकुटे' ठरते. इतर मुले त्याला डावात घेत नाहीत, आणि सावरण्याची जी एक जागा उरली होती तीही जाते.

चौथी तऱ्हा लैंगिक अत्याचाराशी निगडित आहे. वयाला न शोभणारे ज्ञान खेळात दिसणे, बाहुलीवर किंवा लहान मुलावर तीच कृती पुन्हा पुन्हा करणे, कुणी आले की दचकून लपवणे, आणि समजावूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. अशा मुलाला बहुतेक घरांत पहिली मिळते ती चपराक. 'घाण खेळ' म्हणून खेळ बंद होतो आणि त्यासोबत सांगण्याची वाटही.

हा अपवाद नव्हे

या गोष्टी कुठल्या तरी दूरच्या घरात घडतात, अशी समजूत बाळगणे सोयीचे आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ही सोय ठेवली नाही. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून झालेल्या त्या पाहणीत मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा ही तिन्ही राज्ये होती. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसला होता. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक वा अधिक प्रकार अनुभवल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या परिचयाचे किंवा विश्वासाच्या नात्यातले होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शिक्षकाचा मार खाल्ला होता.

शेवटच्या आकड्याची साक्ष कुठल्याही गावात मिळते. मुले 'शाळा-शाळा' खेळू लागली, की सर्वांत आधी काय शोधतात? फळा नव्हे, खडू नव्हे, छडी. 'मास्तर' झालेले मूल वर्गात शिरताच ओळीने हात पुढे करायला लावते. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. परंतु अंगणातील त्या खेळातून छडी गेलेली नाही. मुलांचे खेळ कायद्याचे राजपत्र वाचत नाहीत, ते मोठ्यांचे वागणे वाचतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बालकांवरील १,६२,४४९ गुन्ह्यांची नोंद आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत प्रत्येकी वीस हजारांहून अधिक गुन्हे नोंदवले गेले. नोंद वाढणे म्हणजे गुन्हे वाढणेच असे नाही. तक्रार करण्याचे धैर्य वाढल्यानेही आकडा वाढतो. मात्र नोंद होते ती बोलता आलेल्यांची. तीन-चार वर्षांच्या मुलाची तक्रार बहुधा शब्दांत येतच नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. गुन्हा नोंदवण्यास झालेला विलंब, रेल्वेमार्गावर उतरलेला जमाव, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेली दखल हे सारे वाचकांच्या स्मरणात आहे. संतापाचा भर शिक्षेवर होता. शिक्षेची भाषा मध्य प्रदेशातही मोठ्याने बोलली गेली आहे. बारा वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद करणारे विधेयक त्या राज्याच्या विधानसभेने डिसेंबर २०१७ मध्येच एकमताने संमत केले होते. परंतु गुन्हेगाराचे काय करायचे, या चर्चेच्या गदारोळात मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न दर वेळी मागे पडतो. ते मूल पुन्हा खेळू लागले का, हे विचारण्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

खेळ ही खूण आहे, पुरावा नव्हे

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलाच्या खेळातून थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण हा त्याचा जगप्रसिद्ध धडा. १९८३ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकरणात शेकडो मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या. बाहुल्या हातात देऊन, सूचक प्रश्न विचारून, हवे ते उत्तर मिळेपर्यंत मुलांना पुन्हा पुन्हा छेडण्यात आले. १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकही आरोप सिद्ध झाला नव्हता. निरपराधांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली, आणि मुलांच्या खऱ्या तक्रारींवरील विश्वासालाही तडा गेला.

लहान मुलांना स्वतःच्या आणि इतरांच्या शरीराविषयी कुतूहल असते. समवयस्क मुले 'डॉक्टर-डॉक्टर' खेळतात, हसतात, हटकले की दुसऱ्या खेळाकडे वळतात. यात चिंतेचे काही नाही. राक्षस, युद्ध, मरण हेही खेळात असणारच. पांढुर्ण्याची मुले गोटमार खेळली, म्हणून कुणी त्यांना पीडित ठरवू नये. काळजी घ्यावी ती तोच खेळ आनंदाविना, हट्टाने, बदल न होता आठवड्यामागून आठवडे चालतो तेव्हा. जबरदस्ती, गुप्तता किंवा वयातील मोठे अंतर त्यात असते तेव्हा. आणि खेळाबरोबर झोप, जेवण, शाळा, विशिष्ट माणसाविषयीचे भय यांतही बदल दिसतो तेव्हा. अशा वेळी घरच्यांनी चौकशी अधिकारी होऊ नये. मुलाजवळ बसावे, खेळ तोडू नये, 'कुणी केले?' असा भडिमार करू नये. मूल बोलले तर शांतपणे ऐकावे, त्याचाच शब्द जपावा, 'कुणाला सांगणार नाही' असे खोटे वचन देऊ नये. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. संशय आला तरी पुढची पायरी तज्ज्ञांची.

भाषेचा अडसर

पांढुर्णा–सौंसरचा खास प्रश्न येथे सुरू होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्या दक्षिणेकडील मराठी पट्टा तेव्हापासून दोन भाषांत जगतो. घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, कार्यालयात हिंदी. संत्र्याचा बाजार, सोयरिकी, दवाखाना यांसाठी पावले नागपूरकडे वळतात. सरकारी कागद भोपाळच्या दिशेने जातो. परिसरातील गोंड कुटुंबांची तर याहूनही निराळी बोली.

मोठ्या माणसाला याची सवय होते. चार वर्षांच्या मुलीला होत नाही. शरीराच्या अवयवांची तिची नावे घरातली असतात, आजीने शिकवलेली. 'दुखते', 'टोचते', 'कसेसेच होते' यांतील फरक ती आपल्या बोलीतच करू शकते. ते शब्द हिंदी जबाबात उतरताना सपाट होतात, आणि कधी त्यांचा कायदेशीर अर्थच बदलतो. या बदलाचे मोल काय असते, हे सौंसरपासून जवळच असलेल्या नागपुरात दिसले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये 'त्वचेचा त्वचेशी स्पर्श' झाला नाही म्हणून पोक्सो कायद्याखालील लैंगिक हल्ल्याचा गुन्हा मानण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला आणि महत्त्व हेतूला आहे, असे स्पष्ट केले. तेथे वाद होता कायद्यातील शब्दाचा. मुलाच्या शब्दाच्या बाबतीत तर अर्थ हरवण्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक.

कायदा याविषयी मुका नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या पोक्सो कायद्यात मुलाची तक्रार त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवण्याची, गरज पडल्यास दुभाषी देण्याची तरतूद आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना. न्यायालयात वातावरण मुलाला मानवेल असे हवे, साक्ष देताना त्याला आरोपीचे तोंड पाहावे लागू नये, त्याला वारंवार बोलावले जाऊ नये. २०२० च्या नियमांनी मुलाच्या सोबतीला साहाय्यक व्यक्ती देण्याची व्यवस्था केली. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले. बाल न्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि विशेष बाल पोलीस पथक आवश्यक मानले आहे.

नव्या जिल्ह्यात हे सारे नव्याने उभे करायचे असते. म्हणूनच पांढुर्ण्यात एक दुर्मीळ संधी आहे. दुभाष्यांच्या आणि साहाय्यक व्यक्तींच्या यादीत मराठी आणि गोंडी जाणणारी माणसे आरंभापासून असतील. समितीच्या खोलीत खुर्च्यांसोबत चटई, माती, बाहुल्या, लाकडी बैल असतील. मुलांचे मन जाणणारा तज्ज्ञ नागपूरहून नियमित येईल, अशी व्यवस्था राज्याच्या सीमेपलीकडील सहकार्याने करता येईल. जुन्या जिल्ह्यात रुळलेली चाकोरी मोडावी लागते; येथे ती अजून पडायची आहे.

अंगणवाडीच्या उंबरठ्यावर

तज्ज्ञ हा पुढचा टप्पा. मुलाला रोज खेळताना पाहणारी माणसे दोनच ठिकाणी असतात: घरात आणि अंगणवाडीत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर अंगणवाड्यांचे जाळे विणले. या बाईंच्या नोंदवहीत मुलाचे वजन असते, उंची असते, लसींच्या तारखा असतात. मूल खेळते का, कुणाबरोबर खेळते, गेल्या महिन्यात खेळत होते आणि आता का थांबले, यासाठी रकाना नसतो. वजन घटले तर धावपळ होते. खेळ घटला तर कुणी विचारत नाही. संत्रा आणि कापसाच्या हंगामात आई-बापांमागे फिरणाऱ्या मुलांना तर एकच बाई सलग सहा महिने पाहीलच, याचीही शाश्वती नसते.

ही निरीक्षणाची जबाबदारी आधीच कामाने वाकलेल्या सेविकेच्या माथी आणखी एक नोंद म्हणून मारून भागणार नाही. तिला प्रशिक्षण हवे, मानधनात त्याची दखल हवी, आणि मुख्य म्हणजे तिने शंका कळवल्यावर पुढे धावून येणारे कुणीतरी हवे. गावात राहून गावातल्याच माणसाविरुद्ध बोलण्याची जोखीम तिची असते. पोक्सो कायदा माहिती असूनही न कळवणाऱ्याला शिक्षा सांगतो. कळवणाऱ्याला आधार देण्याची व्यवस्था त्या मानाने दुबळी राहते.

गोटमारीचा संबंधही येथेच येतो. ती परंपरा आहे, श्रद्धेशी बांधलेली आहे. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचे प्रशासनाचे प्रयत्न लोकांनी स्वीकारले नाहीत. तो वाद येथे निकालात काढण्याचा हेतू नाही. खुल्या मैदानातील, दिवस ठरलेली हिंसा आणि बंद दाराआडचा अत्याचार या भिन्न गोष्टी आहेत. तरीही काठावर उभ्या मुलाला त्या दिवशी एक धडा मिळतो: रक्त आले तरी सहन करायचे, रडायचे नाही, हाच पुरुषार्थ. तोच मुलगा घरी मार खात असेल, तर त्याने आपली जखम कुणाला आणि कोणत्या तोंडाने दाखवावी? ज्या समाजात वेदना दाखवणे हीच हार मानली जाते, तेथे मुलग्यांवरील अत्याचार सर्वांत खोल दडतात. २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते, ही बाब आजही अनेकांना खरी वाटत नाही.

गोव्याचा आरसा

गोव्याने हा धडा पूर्वीच आणि फार कटू रीतीने शिकला आहे. १९९१ मध्ये मडगावात उघडकीस आलेल्या फ्रेडी पीट्स प्रकरणात अनाथाश्रमाच्या आडून मुलग्यांचे शोषण चालल्याचे दिसले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पोक्सोच्या कितीतरी आधी, २००३ मध्ये, गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला आणि बाल न्यायालयाची तरतूद केली, त्यामागे या प्रकरणाची पार्श्वभूमी होती. कायद्याच्या बाबतीत हे छोटे राज्य पुढे गेले.

भाषेचा अडसर मात्र येथेही आहे. कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी अशा वेगवेगळ्या घरांतील मुले एकाच बालवाडीत बसतात. बांधकामावरील मजुराच्या मुलीचे घरगुती शब्द बाईंना कळतीलच असे नाही. पांढुर्ण्याच्या मराठी मुलाची जी कोंडी हिंदी कार्यालयात, तीच कन्नड मुलीची पणजीत वा वास्कोत. अशा मुलांच्या बाबतीत खेळ पाहण्याची सवय अधिकच मोलाची ठरते, कारण खेळाला दुभाषी लागत नाही. पाहणारा मात्र लागतो.

बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला, त्याचे एकतिसावे कलम मुलाला खेळण्याचा हक्क देते आणि एकोणचाळिसावे कलम अत्याचारग्रस्त मुलाला सावरण्याचा. ही दोन कलमे वेगवेगळ्या पानांवर असली, तरी मुलाच्या आयुष्यात ती एकत्रच येतात. जाणत्या माणसाच्या सोबतीने, घाई न करता, मुलाच्या मर्जीने खेळ पुढे सरकू दिला, तर कोंडलेला खेळ हळूहळू सुटू लागतो, हा खेळाधारित उपचारांचा अनेक दशकांचा अनुभव आहे. एके दिवशी बाहुलीच्या घराचे दार उघडते, कुणीतरी मदतीला येते, गोष्टीचा शेवट बदलतो. हे आपोआप घडत नाही आणि एका भेटीतही घडत नाही. त्यासाठी महिने लागतात, खोली लागते, माणूस लागतो, आणि सरकारी अंदाजपत्रकात त्यासाठी ठेवलेली रक्कम लागते.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला पांढुर्णा आणि सौंसरच्या गल्ल्यांतून लाकडी बैल निघतील. बोजारा देणारी मोठी माणसे कुणाचा बैल सजलेला आहे, हे पाहतील. त्याच वेळी कोणते मूल दोरी हातात धरून नुसतेच उभे आहे, हेही त्यांनी पाहायला हवे. आणि त्यांनी पाहिलेले सांगायला गेले, तर मराठीत ऐकून घेणारे कुणीतरी नव्या जिल्ह्याच्या कार्यालयात बसलेले असावे.